आय-जी-एच-टी आडनावाचे शब्द

सोनकांबळे सर पाटी शेवटाकडून वाचत. बाजारात इंग्रजी पाटी दिसली की आपण दुकान कशाचं आहे ते बघतो. सर शब्दाचं शेपूट बघत. मला हे पहिल्यांदा कळलं ते लातूरला. उत्तरपत्रिका तपासायला आम्ही काही शिक्षक तिथे गेलो होतो. दुपारी चहाला निघालो तर सर रस्त्याच्या मधोमध थांबले. वर एका कोचिंग क्लासचा भलामोठा फलक होता. नावात 'ब्राइट' होतं, पण स्पेलिंग केलं होतं बी, आर, आय, टी, ई. "मॅडम, आलोच," म्हणाले आणि सरळ जिना चढून वर गेले. काय होतंय ते कळेना म्हणून मीही मागोमाग गेले.

क्लासचा मालक तरुण होता. कुणी पालक आले आहेत असं वाटून त्याने खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. सर पाणी प्यायले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या ब्राइटचं आडनाव गेलंय हो. खालून पोरं ये-जा करून राहिलीत. त्यांनी काय शिकावं?"

तो गडबडला. "सर, बोर्डावर अक्षरं मावत नव्हती."

"मग दुसरं लहान नाव घ्या. पण कुणाचं आडनाव असं मधूनच कापू नये, बाबा."

पुढच्या वर्षी आम्ही त्याच रस्त्याने गेलो तेव्हा फलक तसाच होता. सरांनी मान वर केली, "अजून न्हाई," एवढंच पुटपुटले आणि चालू लागले. रागावले नाहीत. सर चुकीवर रागावत नसत, ती सुधारण्याची वाट बघत.

मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत आम्ही बरोबर होतो. मी औशाची, मराठी शिकवायला आलेली. ते इंग्रजीचे, माझ्याआधी बऱ्याच वर्षांपासून तिथेच. माझ्या आणि त्यांच्या वर्गात एक अर्धवट भिंत होती, वर पत्र्यापर्यंत न गेलेली. त्यामुळे माझी कविता चालू असताना पलीकडून टेबलावरच्या थापांसह एक ठेका यायचा: नाइट, लाइट, राइट, फाइट; साइट, माइट, टाइट, ब्राइट. पन्नासेक पोरं एका सुरात म्हणायची आणि माझी मुलं नकळत पायाने ताल धरायची.

इंग्रजीचं स्पेलिंग पाठ करायचं नसतं, ओळख करून घ्यायची असते, असं सरांचं म्हणणं. "शब्दाला नाव असतं तसं आडनाव बी असतं," ते वर्गात सांगत. "एन हे नाव, आय-जी-एच-टी हे आडनाव. झाला नाइट. एल लावा, लाइट. सगळे एका घरचे. एकाला ओळखलं की त्याच्या भावांच्या घरी जेवायला जाता येतं." मग कुणीतरी हटकून 'काइट' आणि 'व्हाइट' आणून उभे करायचं. सर हसून मान हलवायचे. "आवाज तोच, घर दुसरं. आवाजाला भुलून नातं जोडू नका."

या घराण्यातल्या प्रत्येकाची त्यांच्याकडे कुंडली होती. 'फाइट'चा अर्थ भांडण असा कुणी सांगितला की ते थांबवत: "भांडण कुणाशी तरी असतं. फाइट कशासाठी तरी असते." 'माइट'वर ते फार रमत. "माइट म्हणजे जोर, ताकद. पण 'ही माइट कम' म्हणलं तर? येईल, न्हाईतर येणार बी न्हाई. एकाच शब्दात जोर बी हाय अन् शंका बी हाय. माणसासारखाच शब्द हाय हा." आणि 'डिलाइट' आला की आवाज खाली आणून एखादं घरगुती गुपित सांगावं तसं सांगत, "हा दत्तक आलेला हाय. मूळचा या घरचा न्हाई. परक्या भाषेतून आला, लाइटसारखा ऐकू येतो म्हणून लोकांनी चुकून हेच आडनाव लावलं. आता बघा, घरात सगळ्यात गोड तोच. डिलाइट म्हणजे आनंद."

मधल्या जी आणि एच या न बोलणाऱ्या अक्षरांवरून आमचा एकदा वाद झाला. मी म्हटलं, "सर, आमच्या मराठीत बोलतो तसं लिहितो. उच्चारच नाही ती अक्षरं या पोरांच्या डोक्यावर कशाला?"

"उच्चार होता, मॅडम. लई जुन्या काळी हे इंग्रज लोक नाइटला 'निख़्त' म्हणायचे. आपल्याकडचे जुने लोक 'ख़बर' म्हणताना घशातून घासून ख़ काढतात ना, तसा. आवाज गेला, जागा राहिली." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "अन् तुमच्या मराठीवाल्यांनी काय केलं? पूर्वी 'गांव', 'नांव' लिहायचे, वर टिंब देऊन. बोलण्यात ते टिंब ऐकू येत न्हाई म्हणून काढून टाकलं. पण त्या टिंबात ग्रामचा 'म' बसला होता, नामचा 'म' बसला होता. पोरांचं काम हलकं झालं, ते बरंच झालं. पण बसलेल्याला उठवताना विचारायला पाहिजे होतं, एवढंच."

मराठीची एम. ए. झालेली मी त्या टिंबाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या वर्गातला ठेका मला त्रास वाटेनासा झाला.

'राइट'चे अर्थ ते ठरलेल्या क्रमाने शिकवत. पुस्तकात आधी बरोबर, मग उजवा आणि मग कधीतरी हक्क. सरांच्या फळ्यावर हक्क सगळ्यात वर. एकदा मुख्याध्यापकांनी हे पाहून म्हटलं, "सोनकांबळे, परीक्षेत 'उजवा'च येतो." सर म्हणाले, "हाव सर. परीक्षेत उजवा येतो." क्रम मात्र बदलला नाही.

त्यामागचं कारण त्यांनी मला एकदा एसटीत सांगितलं. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. घरात शिकणारे सर पहिलेच. दहावीला इंग्रजीत नापास झाले तेव्हा गावातल्या एका बड्या माणसाने वडिलांना समजावलं होतं, पोराला कामाला लावा, इंग्रजी तुमच्या लोकांचं काम नाही. "माझा बाप कधी उलटून बोलला न्हाई," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्या दिवशी बोलला. म्हणाला, ते त्याला ठरवू द्या. बस, एवढंच. मग मला म्हणाला, सांग, शिकायचं का काम करायचं? मला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं, मॅडम. मी म्हणलं, शिकायचं." त्याच उन्हाळ्यात तापाने अंथरुणात पडले असताना जुनं पुस्तक चाळताना त्यांना हे एका आडनावाचे शब्द पहिल्यांदा दिसले. पुढच्या खेपेला ते पास झाले.

सर निवृत्त झाले आणि नांदेडला गोदावरीच्या पुलापलीकडच्या नव्या वस्तीत राहायला आले. माझीही बदली होऊन मी नांदेडला आले होते. त्यांच्या घरी माझं जाणं-येणं वाढलं आणि तेव्हा कौशल्यावहिनींची खरी ओळख झाली. वहिनी लहानखुऱ्या, कामात वाऱ्यासारख्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या सरांना 'अवो' म्हणत आणि सरांच्या इंग्रजीबद्दल विचारलं की पदर तोंडाला लावून हसत. "दुनियेला शिकवलं ह्यांनी. माझ्या भाकरीचं स्पेलिंग काय कधी सांगितलं न्हाई." सर म्हणत, "भाकरीला स्पेलिंग नसतं, भूक असते." दोघांचं असं चाले. मुलगी प्रज्ञा लातूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. नवरा, लहान मूल, पाळ्या, सगळं सांभाळून जमेल तेव्हा येऊन जाई.

मग एका सकाळी वहिनींचा फोन आला. "मॅडम, ह्यांला लकवा मारला. तोंडातून शब्दच येईना झालाय."

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सरांचा उजवा हात आणि पाय गेलेला होता. पायात हळूहळू थोडी जान आली, भाषा मात्र आली नाही. बोलायला जात आणि 'ब... ब...' असा आवाज निघे. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं. वहिनी उशाशी बसून एकेक विचारत. "पाणी? च्या? पोटात दुखतंय? पंखा लावू?" सर मान नाही-नाही हलवत आणि शेवटी डोळे मिटून भिंतीकडे वळत. एकदा त्यांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला भिरकावला. ज्या माणसाचा आवाज मी वर्षानुवर्षं भिंतीवरून ऐकला होता, त्याच्यासमोर बसून काय बोलावं हे मला सुचत नसे. मी शाळेतल्या गोष्टी सांगे, आणि बोलणारी मी एकटीच आहे हे जाणवून मध्येच थांबे.

असंच एका संध्याकाळी थांबले होते. शांतता सहन होईना. काही ठरवून नव्हे, नुसतं हाताला चाळा म्हणून मी पलंगाच्या कडेवर बोटं वाजवली आणि तोंडातून निघालं, "नाइट, लाइट..."

सरांचे ओठ हलले. "राइट, फाइट," सर म्हणाले.

स्वच्छ. त्यांच्याच आवाजात. मी ठेका सोडला नाही. "साइट, माइट, टाइट, ब्राइट," सर म्हणत गेले आणि वहिनी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या. दारातच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. सरांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. थांबायला तयार नव्हते.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी आमचा आनंद जरा आवरायला लावला. वर्षानुवर्षं तालात म्हटलेलं कधी कधी मागे राहतं, ते म्हणाले. पण ते पाठांतर आहे, बोलणं नव्हे. त्यावरून भाषा परत येईल असं धरून चालू नका. आणि खरंच, सरांना 'पाणी' म्हणा म्हटलं की तेच 'ब... ब...'. एकटा 'लाइट'सुद्धा म्हणता येत नव्हता. ठेका धरला तरच शब्द निघायचे, तेही ओळीने.

पण सर शिक्षक होते. पडल्या पडल्या त्यांनी काहीतरी जमवलं. काही दिवसांनी वहिनी मला सांगत आल्या, "मॅडम, काल ट्यूबलाइट ह्यांच्या डोळ्यावर येत होती. डाव्या हातानं पलंग वाजवला, 'नाइट, लाइट' म्हणले अन् गपकन थांबले. पुन्हा तसंच. पुन्हा थांबले. मी दिवा बंद केला तर मान डोलावली. मला तेवढा एक शब्द ठावा हाय हो, लाइट. बाकीचे काय म्हंजे काय ते मला सांगा. त्ये थांबतील तिथं मला कळाया पाहिजे."

अशी साठीच्या वहिनींची इंग्रजी शाळा सुरू झाली. मी संध्याकाळी जाई, वहिनी गहू निवडत बसत आणि मी अर्थ सांगे. सर पलंगावरून ऐकत, आणि मी काही चुकीचं किंवा अपुरं सांगितलं तर पलंगावर थाप मारत. 'राइट'चे अर्थ सांगताना मी 'बरोबर'पासून सुरुवात केली, तेव्हा अशी थाप पडली की मी दचकले. मग हक्क आधी सांगितला.

हळूहळू त्या घराची एक बोली तयार झाली. सर 'नाइट'वर थांबले की झोपायचं. 'साइट'वर थांबले की चष्मा. 'टाइट' म्हणजे पाय आखडलाय, चोळून द्या. 'फाइट' म्हणजे व्यायाम शिकवणारा मुलगा आलाय, मला उठवा. वहिनी विचारत, "अवो, आज अंगणापर्यंत चालताल का?" सर ठेका धरत आणि 'माइट'वर थांबत, आणि दोघंही हसत. काही गोष्टींना या आठ शब्दांत जागाच नव्हती. मीठ जास्त झालंय, मुलीची आठवण येते, भीती वाटते, यातलं काहीच सांगता येत नव्हतं. तेव्हा सर ओळ पूर्ण म्हणत आणि गप्प होत. वहिनी अशा वेळी काही विचारत नसत, नुसत्या जवळ बसत.

पावसाळ्यानंतर एका रविवारी प्रज्ञा आली. मीही तिथे होते. तिने सगळं ठरवून आणलं होतं. लातूरला तिच्या घराजवळ खोली बघितली होती, दवाखाना जवळ, डॉक्टर ओळखीचे. "आई, एकटीने बाबांना उचलून उचलून तुझी कंबर गेलीय. मला दर आठवड्याला येणं होत नाही. मी काय करू? पुढच्या रविवारी गाडी घेऊन येते. सामान बांधून ठेव." बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी थकलेली होती आणि तिचं म्हणणं चूक नव्हतं.

सर पलंगावरून ऐकत होते. त्यांनी डाव्या हाताने ठेका धरला. "नाइट, लाइट, राइट." थांबले.

प्रज्ञाने डोळे पुसले. "बघ, बाबा पण बरोबर म्हणतायत."

सरांनी पुन्हा पलंग वाजवला, जोरात. "नाइट, लाइट, राइट!"

"हो बाबा, करते मी सगळं. तुम्ही काळजी करू नका."

"थांब गं जरा," वहिनी म्हणाल्या. त्या उठून सरांच्या समोर, अगदी चेहऱ्याजवळ बसल्या. "होकार असला की हे मान डोलावतेत. आत्ता मान हालली न्हाई." मग सरांना म्हणाल्या, "अवो, कोणचा राइट? उजवा? उजवा हात दुखतोय?"

सर हलले नाहीत.

"बरोबर? प्रज्ञा म्हणती ते बरोबर?"

सरांनी डोळे मिटले.

वहिनी आणखी जवळ सरकल्या. "हक्काचा?"

सरांनी मान डोलावली. एकदा, मग पुन्हा. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत ओघळलं.

प्रज्ञा वडिलांकडे बघत राहिली. ती नर्स होती. रोज कितीतरी माणसांना उठवत होती, बसवत होती, कुशीवर वळवत होती. ती पलंगाजवळ आली, जमिनीवर बसली आणि त्यांचा डावा हात हातात घेऊन म्हणाली, "बाबा, चुकलं माझं. मी विचारलंच नाही. तुम्हाला लातूरला यायचं का? नको असेल तर मी दुसरं काहीतरी बघते. सांगा तुम्ही."

आम्ही थांबलो. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग त्यांनी तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि हळूहळू ठेका धरला. नाइट, लाइट, राइट, फाइट, साइट, माइट. तिथे थांबले. आणि चेहऱ्याच्या ज्या बाजूला हसता येत होतं त्या बाजूने हसले.

"बघू म्हणतेत," वहिनी म्हणाल्या. "इचार करून सांगतेत. घाई करू नको."

सरांनी विचार करायला महिनाभर घेतला. या काळात आपल्याला रोज उचलणाऱ्या वहिनींकडे ते बघत होते, त्यांचा कंबरेवर गेलेला हात बघत होते. मग एका सकाळी वहिनींनी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी ठेकाही धरला नाही. सरळ मान डोलावली आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवलं, ही आधी काढून नीट गुंडाळ, अशा अर्थाने. ते स्वतःच्या मर्जीने लातूरला गेले. गाडीत बसवताना माझ्याकडे बघून त्यांनी डावा हात कपाळाशी नेला.

लातूरला मी दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला ते नातवाला ठेका शिकवत होते. तो तिसऱ्याच शब्दाला पळून जायचा. दुसऱ्या खेपेला फार अशक्त झाले होते. उन्हाळा संपता संपता गेले. दुपारी, झोपेत. मी गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मुखेडकडचे जुने विद्यार्थी आले होते. त्यातले काही आता स्वतः शिक्षक. धम्मवंदना झाल्यावर बाया वहिनींभोवती बसल्या. कुणीतरी विचारलं, जाताना काही बोलले का?

गर्दी पांगल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं.

"मॅडम, तुमाला सांगते. प्रज्ञाला बी अजून सांगितलं न्हाई. गेल्या आठवड्यात मी ह्यांला भात भरवत होते. दोन घास खाल्ले अन् तोंड मिटून घेतलं. मला वाटलं, गिळता येईना. तर माझ्याकडं बघून म्हणले, 'तू जेवलीस?' असं, मराठीत. पलंग बी वाजवला न्हाई. एकदम साफ."

"मग?"

"मी घास तसाच ताटलीत ठेवला. मी म्हणलं, न्हाई अजून, तुमचं होऊ द्या. तर डाव्या हातानं ताटली माझ्याकडं सरकवली. मी खाईपर्यंत बघत बसले. मग पुन्हा काही बोलले न्हाईत."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. बाहेरच्या खोलीत प्रज्ञा पाहुण्यांसाठी ताटं मांडत होती. तिने आत डोकावून आईला हाक मारली, आणि मग जेवायला वाढू का, असं विचारून उत्तराची वाट बघत दारातच उभी राहिली.